बिनव्याजी कार्ड आणि बाईची पत

मागच्या महिन्यात सातपूरच्या आमच्या बचत गटाची बैठक होती. हप्त्यांचा हिशेब संपला, चहा झाला आणि उठता उठता एकीने पिशवीतून घडी घातलेला रंगीत कागद काढला. ती एका खासगी दवाखान्यात आयाचं काम करते. पगार बँकेत जमा होतो, आणि त्याच बँकेने तिला हा कागद दिला होता. नोकरदार महिलांसाठी खास क्रेडिट कार्ड. पहिल्या वर्षी फी नाही, खरेदीवर ५० दिवसांपर्यंत व्याज नाही, पहिल्या तीन महिन्यांत मोठी वस्तू घेतली तर सहा हप्ते बिनव्याजी. तिने विचारलं, "ताई, हे बिनव्याजी म्हणजे खरंच बिनव्याजी असतं का हो?"

आमच्या ज्येष्ठ कार्यकर्त्या ताबडतोब म्हणाल्या, "कार्डाच्या वाटेला जाऊच नका. बँका काय धर्मादाय करायला बसल्यात?" शेजारी बसलेली, नुकतीच नोकरीला लागलेली मुलगी म्हणाली, "काही होत नाही मावशी, मी दोन वर्षं वापरतेय. तारखेला पैसे भरायचे, बस्स." दोघीही मनापासून बोलत होत्या. मी मात्र गप्प होते. समाजकार्यात एम.एस.डब्ल्यू. केलेली, दहा वर्षं सल्ला केंद्रात बसणारी, बायकांना हिशेब लिहायला शिकवणारी मी स्वतःच या बिनव्याजी मुदतीत एकदा फसले होते, आणि ते मी गटात कधी सांगितलं नव्हतं. शिकलेल्या बाईला पैशांत झालेली फसगत सांगायची लाज वाटते. आज ती सांगते.

संस्थेत काम करणाऱ्यांना माहीत आहे की आमचे पगार अनुदानावर चालतात, आणि अनुदान आलं नाही की पगार दोन-दोन महिने लांबतो. अशाच एका जून महिन्यात आईची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली. हातात पैसे नव्हते. क्रेडिट कार्ड होतं. ५ जूनला ३६,००० रुपये कार्डावर भरले. १ जुलैला बिल निघालं, भरायची शेवटची तारीख २० जुलै. तोवर थकलेला पगार आला. २० तारखेला मी ३४,००० भरले आणि दोन हजार मागे ठेवले, घरभाड्याला कमी पडत होते म्हणून. मनात हिशेब केला, दोन हजारांवर महिन्याचं व्याज ते काय, सत्तर रुपये. पुढच्या महिन्यात भरून टाकू.

पुढच्या बिलात व्याज आणि त्यावरचा जीएसटी मिळून साधारण २,२०० रुपये लागले होते.

मी बँकेत फोन केला, भांडले. तिकडच्या मुलीने पाठ केल्यासारखं सांगितलं, "मॅडम, पूर्ण बिल भरलं तरच बिनव्याजी मुदत लागू होते." म्हणजे झालं होतं असं. बिल पूर्ण भरलं नाही, त्यामुळे ४५ दिवसांची सवलत सगळीच्या सगळी गेली. व्याज मागे राहिलेल्या दोन हजारांवर लागलं नाही, तर पूर्ण ३६,००० वर, ५ जूनपासून २० जुलैपर्यंत लागलं. दर महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२. वर १८ टक्के जीएसटी. शिवाय त्या महिन्यात कार्डावर घेतलेल्या किराण्यालाही बिनव्याजी मुदत मिळाली नाही. जिथे आधीची बाकी शिल्लक असते, तिथे नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज चालू होतं. हे सगळं कार्डाबरोबर आलेल्या पुस्तिकेत बारीक अक्षरांत छापलेलं होतं. मी ते वाचलं नव्हतं.

तर त्या आयाबाईंच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर हे. बिनव्याजी असतं, पण एका अटीवर. तारखेच्या आत संपूर्ण रक्कम भरली तरच. शंभरातले पंच्याण्णव भरले तर पंच्याण्णव टक्के सवलत मिळेल, असं ते गणित नाही.

आपल्या बायकांना बिनव्याजी उधार काही नवीन नाही. शेजारणीकडून हातउसने घेतलेले शंभर रुपये बिनव्याजीच असतात. भिशीत ज्या बाईचा नंबर पहिला लागतो, तिला एका परीने बिनव्याजी कर्जच मिळतं, आणि जिचा शेवटी लागतो तिची ती बचत होते. पण भिशीत बारा जणी एकमेकींना ओळखतात. एखादीचा हप्ता चुकला तर तिच्या घरी काय झालंय ते बाकीच्यांना माहीत असतं. बँकेच्या कार्डात असं कोणी नाही. मग बँकेला हे परवडतं कसं? तुम्ही कार्डाने पैसे देता तेव्हा दुकानदाराच्या रकमेतून काही टक्के कापले जातात, त्यातला मोठा वाटा बँकेला मिळतो. वार्षिक फी मिळते. आणि ज्या माझ्यासारख्या दोन हजार मागे ठेवतात, त्यांचं व्याज मिळतं. वेळेवर सगळं भरणाऱ्यांची मुदत बिनव्याजी राहते, त्यात न भरू शकणाऱ्यांच्या व्याजाचाही हातभार असतो, हे आपण ध्यानात ठेवलं पाहिजे.

त्यातून "किमान रक्कम" हा शब्द फार गोड आहे. बिलावर एकूण देणं लिहिलेलं असतं आणि खाली किमान भरायची रक्कमही असते. समजा ४०,००० बाकी आहे आणि किमान रक्कम पाच टक्के, म्हणजे २,००० आहे. साडेतीन टक्क्यांनी महिन्याचं व्याज १,४००, त्यावर जीएसटी २५२. भरलेल्या दोन हजारांतले १,६५२ तिथेच गेले. मुद्दल कमी झालं ३४८ रुपयांनी. बाईला वाटतं, मी दर महिन्याला दोन हजार भरतेय, कर्ज उतरत असेल. ते उतरत नसतं, जागच्या जागी असतं.

सावकाराचं व्याज आपण शोषण म्हणतो, आणि सावकारांच्या व्याजदरावर राज्य सरकार मर्यादा घालून देतं. क्रेडिट कार्डाच्या व्याजावर मात्र आज अशी वरची मर्यादा नाही. २००८ साली राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने वर्षाला ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला. त्यामुळे दर किती हे बँक ठरवते, आणि आपण तो वाचून घ्यायचा, एवढंच आपल्या हातात उरतं.

आता "बिनव्याजी हप्ते". मोबाइलच्या दुकानात, ऑनलाइन खरेदीत सगळीकडे हीच पाटी दिसते. २४,००० चा फोन, महिना २,००० चे बारा हप्ते, व्याज शून्य. प्रत्यक्षात होतं असं की बँक व्याज घेतेच. समजा १५ टक्के दराने. दुकानदार किंवा कंपनी तेवढ्या व्याजाची सूट किमतीत आधीच देते, आणि बँक सुमारे २२,१६० रुपयांचं कर्ज देऊन त्यावर सुमारे १,८४० व्याज लावते. बेरीज पुन्हा २४,०००. पण व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, ३३१ रुपये, आपल्याच माथी येतो. बऱ्याच ठिकाणी वर प्रक्रिया शुल्क असतं. ते १९९ असेल तर करासह २३५. म्हणजे शून्य व्याजाचे साडेपाचशेहून जास्त रुपये झाले. शिवाय रोख देणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानदार जी सूट देऊ शकला असता, ती हप्त्यांत गेली ते वेगळंच.

हे मी बँकांवर राग काढण्यासाठी सांगत नाही. खुद्द रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही अस्तित्वात नसतं, अशा योजनांत व्याज प्रक्रिया शुल्काच्या आड लपवलेलं असतं. पुढे २०२२ च्या निर्देशांत सांगितलं की बिल हप्त्यांत बदलण्याआधी मुद्दल किती, व्याज किती, दुकानदाराने किंवा बँकेने दिलेली सूट किती हे ग्राहकाला स्पष्ट दाखवलं पाहिजे, आणि व्याज असलेला हप्ता बिनव्याजी म्हणून खपवता येणार नाही. तेव्हा दुकानात उभं असताना हे तीन आकडे मागणं हा आपला हक्क आहे. "मॅडम, साहेबांना विचारून या" असं म्हणणाऱ्या विक्रेत्यालाही तो सांगावा.

इथवरचं सगळं कुठल्याही ग्राहकाला लागू आहे, पुरुषालाही. मग आपल्या अंकात हा विषय कशाला? कारण सल्ला केंद्रात माझ्यासमोर जे कागद येतात, त्यांत दुसरीच गोष्ट दिसते.

दोन वर्षांपूर्वी एक परिचारिका आमच्याकडे आली. तक्रार मारहाणीची होती. घर सोडायचं ठरलं होतं, दोन मुलांना घेऊन भाड्याने खोली घ्यायची, आणि तिच्या बहिणीबरोबर छोटं पॅथॉलॉजीचं संकलन केंद्र टाकायचं, त्यासाठी कर्ज काढायचं. बँकेने कर्ज नाकारलं. का, तर तिच्या नावावर एका कार्डाची मोठी थकबाकी होती. तिने ते कार्ड कधी दुकानात नेलंच नव्हतं. नवऱ्याचा व्यवसाय अनियमित, त्याला कार्ड मिळेना. हिची पगाराची पावती होती, म्हणून बँकेचं आमंत्रण हिच्या नावाने आलं. पहिले काही महिने हप्ते बिनव्याजी आहेत, घे, असं नवरा म्हणाला. अर्जावर तिने सही केली. पुढे त्याने टीव्ही घेतला, फोन घेतला, मित्राला दुसरा फोन घेऊन दिला. प्रत्येक वेळी तिच्या मोबाइलवर सहा आकडे यायचे आणि तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणायचा, "नंबर सांग गं." ती पोळ्या लाटता लाटता सांगायची.

मी तिला विचारलं, "तुला कळत होतं ना की कर्ज तुझ्या नावावर होतंय?" ती म्हणाली, "ताई, घरात सगळं माझ्याच नावावर होतंय असं मला वाटायचं. बरं वाटायचं."

तिचं हे वाक्य मला नीट समजायला वेळ लागला. आयुष्यात घर, शेत, दुकान, काहीच जिच्या नावावर नाही, तिच्या नावावर पहिल्यांदा काही आलं तर ते कर्ज. आणि त्याचंही तिला अप्रूप वाटलं. आपण बायकांना सांगत आलो की सातबाऱ्यावर नाव लावा, घराच्या कागदावर नाव लावा. ते बरोबरच होतं. पण कर्जाच्या कागदावर नाव लागतं तेव्हा निर्णय कोणाचा, वापर कोणाचा, फेड कोणाची, हे प्रश्न आपण तितक्या आग्रहाने विचारले नाहीत.

कायदा इथे फारसा मदतीला येत नाही. कार्ड ज्याच्या नावावर, देणं त्याचं. ओटीपी तिने सांगितला, म्हणजे बँकेच्या दृष्टीने तिने सही केली. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात आर्थिक छळाचा समावेश आहे, आणि आम्ही तिच्या अर्जात हे सगळं मांडलं. पण बँकेचा वसुलीवाला त्या अर्जासाठी थांबत नाही. अखेर बँकेकडे लेखी अर्ज करून थकबाकी कमी व्याजाच्या हप्त्यांत बदलून घेतली. ती अजून फेडते आहे. बहिणीने केंद्र एकटीने, लहान प्रमाणात सुरू केलं. हिच्या भागीदारीची जागा अजून रिकामी आहे.

याच्या उलटही मी पाहते. नवऱ्याच्या कार्डावर बायकोला जादा कार्ड मिळतं, तिला वाटतं माझं कार्ड आहे. बारा-बारा वर्षं ती त्यावर घरचा सगळा खर्च व्यवस्थित चालवते. पण देणं मूळ कार्डधारकाचं, आणि वेळेवर फेडल्याची नोंदही साधारणपणे त्याच्याच नावावर. तो गेला, किंवा तिने घर सोडलं, की बँकेच्या लेखी तिने आयुष्यात कधी उधार घेतलेलं नाही आणि फेडलेलं नाही. पहिलीचं नाव वापरलं गेलं, दुसरीचं नाव कुठे लागलंच नाही. दोघींचं नुकसान एकाच ठिकाणी झालं.

मराठीत "पत" हा शब्द किती नेमका आहे पाहा. पत म्हणजे बाजारात उधार मिळण्याची लायकी, आणि पत म्हणजे माणसाची इज्जतही. बाईची इज्जत सांभाळायला सगळं गाव पुढे येतं, पण तिची बाजारातली पत वापरून झाल्यावर ती सांभाळायला कोणी येत नाही.

म्हणूनच आमच्या ज्येष्ठ ताईंचं "वाटेला जाऊच नका" मला पटत नाही. त्यांची भीती खरी आहे, सूक्ष्म कर्जांच्या सापळ्यात अडकलेल्या बायका त्यांनी जवळून पाहिल्या आहेत. पण उधारीचा हक्क बायकांनी भांडून मिळवला आहे. अशी शून्य व्याजाची आमंत्रणं जिथे घरोघर टपालाने जातात त्या अमेरिकेत, १९७४ च्या समान पतसंधी कायद्यापर्यंत बँका विवाहित बाईकडे सर्रास नवऱ्याची सही मागत. त्याच १९७४ साली अहमदाबादेत इला भट्ट आणि सेवाच्या कष्टकरी बायकांनी स्वतःची बँक काढली. १९७५ मध्ये मुंबईच्या गिरणगावात प्रेमाताई पुरव यांनी खाणावळवाल्या बायकांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र केलं, वाण्याच्या आणि सावकाराच्या उधारीतून सुटून त्यांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. माण तालुक्यात म्हसवडला चेतना सिन्हा यांनी बायकांची बँक काढायची ठरवली तेव्हा परवाना नाकारला गेला, कारण सभासद बायका अंगठेबहाद्दर होत्या. त्या बायका लिहायला शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि म्हणाल्या, व्याजाचा कुठलाही हिशेब आम्हाला तोंडी घाला. १९९७ मध्ये माणदेशी महिला बँक उभी राहिली.

व्याजाचा हिशेब तोंडी करणाऱ्या बायकांच्या राज्यात आपण "कार्ड नको" एवढंच सांगून कसं थांबायचं? न वापरण्याचा सल्ला दिला तर बाई अडचणीत पुन्हा गल्लीतल्या सावकाराकडेच जाईल. मला वाटतं, सल्ला असा हवा की कार्ड घ्यायचं तर स्वतःसाठी, स्वतःच्या हातात, आणि स्वतःच्या हिशेबावर.

म्हणजे काय? मी त्या दिवशी गटात जे बोलले तेच इथे थोडं सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, बिनव्याजी मुदत ही वेळेची सवलत आहे. पैसा येणार हे नक्की असेल आणि फक्त उशीर होणार असेल, तरच तिचा उपयोग. पगार थकलाय पण येणार आहे, भिशी पुढच्या महिन्यात लागणार आहे, ठेव पिकणार आहे, अशा वेळी ४०-४५ दिवस मोलाचे असतात. आईच्या डोळ्यांसाठी मी कार्ड वापरलं ते चुकलं नव्हतं, दोन हजार मागे ठेवले ते चुकलं. पैसा येईलच याची खात्री नसेल तर बिनव्याजी कार्ड हे वर्षाला ४० टक्क्यांच्या वरचं कर्ज आहे असंच समजायचं.

दुसरी, बिलाची तारीख माहीत हवी. ५० दिवस हे कमाल असतात. १ तारखेला बिल निघत असेल आणि २० ला भरायचं असेल, तर २ तारखेला घेतलेल्या वस्तूला जवळजवळ ४८ दिवस मिळतात आणि ३० तारखेला घेतलेल्या वस्तूला वीस. मोठी खरेदी बिल निघाल्यावर लगेच करावी. आणि वस्तू घेतली त्याच दिवशी जमतील तेवढे पैसे डब्यात, खात्यात, कुठेतरी वेगळे काढून ठेवावेत. आपल्या आया पाकिटांवर "दूध", "भाडं", "फी" लिहून पैसे ठेवायच्या, तसंच.

तिसरी, कार्डावर रोख रक्कम काढू नये. त्याला बिनव्याजी मुदत नसतेच, पहिल्या दिवसापासून व्याज चालू होतं आणि वर शुल्क लागतं. एका वेळी एकच हप्ता चालू ठेवावा. दोन हजारांचा एक हप्ता पेलतो, दोन-दोन हजारांचे चार लागले की निम्मा पगार महिना उजाडण्याआधीच गेलेला असतो.

चौथी, सगळ्यांत अवघड. ओटीपी सांगू नये. नवऱ्याला, मुलाला, भावालाही नाही. मला माहीत आहे, यावर घरात वाद होतात. "माझ्यावर विश्वास नाही का?" हे ऐकावं लागतं. पण कोऱ्या कागदावर सही करून देऊ नये हे आपण वीस-तीस वर्षं बायकांना सांगतोय, हा तोच कागद आहे. घरासाठी वस्तू घ्यायची असेल तर बसून ठरवावं, किंमत किती, हप्ता किती, कोणाच्या कमाईतून जाणार. एवढं बोलणं ज्या घरात होऊ शकत नाही, त्या घरासाठी आपलं कार्ड नाही. जिथे नकार दिला तर मार बसेल, तिथे हा सल्ला एकटीवर सोडून चालणार नाही, तिने सल्ला केंद्रात यावं. कार्ड बंद करणं हाही उपाय आहे. बाकी चुकती करून बंद करायला सांगितलं की बँकेला सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद करावं लागतं, नाहीतर दिवसाला ५०० रुपये दंड ग्राहकाला द्यावा लागतो. न मागता कार्ड पाठवायलाही रिझर्व्ह बँकेची मनाई आहे.

पाचवी, पगार नाही म्हणून कार्ड मिळत नाही, असं समजणाऱ्या गृहिणींसाठी आणि घरकाम, शिवणकाम करणाऱ्यांसाठी. अनेक बँका मुदत ठेवीवर कार्ड देतात. दहा-पंधरा हजारांची ठेव स्वतःच्या नावावर असेल तर तिच्यापेक्षा थोड्या कमी मर्यादेचं कार्ड मिळू शकतं. महिन्याला गॅस सिलिंडर आणि विजेचं बिल एवढंच त्यावर भरावं, आणि तारखेच्या आत पूर्ण फेडावं. वर्ष-दोन वर्षांत आपल्या नावाची नोंद तयार होते. थकवलं तर ठेव जाते, तेव्हा ती ठेव कोणाच्या सांगण्यावरून मोडली जाणार नाही एवढं पाहावं.

आणि सहावी, वर्षातून एकदा आपला पत-अहवाल पाहावा. सिबिलसारख्या प्रत्येक पत-माहिती कंपनीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल मोफत मिळतो. आपल्या नावावर कोणकोणती कर्जं आहेत ते त्यात दिसतं. आमच्या परिचारिकेने तो आधी पाहिला असता तर दोन वर्षं वाचली असती.

ज्या आधीच अडकल्या आहेत त्यांच्यासाठी दोन शब्द. लपवू नका. कार्ड वापरणं थांबवा, आणि बँकेला लेखी विचारा की थकबाकी कमी व्याजाच्या हप्त्यांत बदलून मिळेल का. बऱ्याचदा मिळते. वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायला, चारचौघांत अपमान करायला, नातेवाइकांना त्रास द्यायला मनाई आहे. तसं झालं तर तारीख-वेळ लिहून ठेवा, बँकेकडे लेखी तक्रार करा, आणि ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. त्याला पैसे पडत नाहीत आणि वकीलही लागत नाही.

हे सगळं बोलून झाल्यावर आयाबाईंनी तो रंगीत कागद पुन्हा घडी करून पिशवीत ठेवला. म्हणाल्या, "म्हणजे घ्यायचं की नाही ते तुम्ही सांगितलंच नाही, ताई." मी म्हणाले, "कार्ड कशासाठी हवंय ते तुम्ही सांगा." त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मला नकोच आहे तसं. मुलाला गाडीचे टायर घ्यायचेत." सगळ्या हसल्या, त्याही हसल्या. पण निर्णय तिथेच झाला होता.

आमच्या सल्ला केंद्राच्या नोंदणी-अर्जात स्त्रीधन, दागिने, घर, पगार यांचे रकाने आहेत. या वर्षीपासून आम्ही त्यात आणखी एक प्रश्न घातला आहे, "तुमच्या नावावर कोणतं कर्ज किंवा कार्ड आहे? ते कोण वापरतं?" माझी इतर संघटनांतल्या मैत्रिणींना विनंती आहे की त्यांनीही हा प्रश्न आपल्या अर्जात घालावा. उत्तरं जमली की आपल्याला कळेल, बायकांच्या पतीवर किती संसार आणि किती हौस चालली आहे ते. "पतीवर" हा शब्द वाचताना अडखळलात ना? नवऱ्याबद्दल लिहिलेलं नाही. पत आपली, म्हणून.